पारण्याची धास्ती

मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी पुण्यात बावीस वर्षे काढली. त्या कारकिर्दीतील ज्या गोष्टींच्या आठवणीने आजही मान खाली जाते, त्यांत एका वार्षिक समारंभातील माझे भाषण पहिले येते. मुलींच्या जिभेच्या चोचल्यांवर यथेच्छ बोलून झाल्यावर मी पहिल्या रांगेतील एका मुलीकडे हात करून म्हटले होते की, संयम कशाला म्हणतात हे पाहावयाचे असेल तर हिच्याकडे पाहा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी यांपैकी एकही चुकवीत नाही, बाहेरच्या खाण्याला शिवत नाही, गोडाचे नाव काढत नाही, आणि इतके करून अभ्यासात पहिली व पंगतीत वाढायला सर्वांच्या पुढे. टाळ्या झाल्या. ती मान खाली घालून बसली होती, आणि मला तो विनय वाटला. पुढे महिनाभराच्या आत ती जिन्यात चक्कर येऊन पडली, आणि रुग्णालयात नेल्यावर तिची नाडी मिनिटाला ४० च्याही खाली लागते आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा कोठे मला उमगले की, ज्याला मी भर सभेत प्रशस्तिपत्र बहाल केले होते तो संयम नव्हता, जिवावर बेतणारा एक आजार होता. बरी झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी भेटली तेव्हा ती हसत हसत म्हणाली, "बाई, तुमच्या त्या भाषणानंतर मी शनिवारही धरला होता."

मला जे तेव्हा उमगले ते आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना चार महिने आधीच ठाऊक होते. "बाई, ती पोर जेवत न्हाई, जेवल्यागत करती," असे त्यांनी मला एकदा सांगितले, आणि "परीक्षा जवळ आली आहे, होईल ठीक" असे म्हणून मी त्यांची बोळवण केली. या विषयावर पुढे मी पुष्कळ वाचले, डॉक्टरांकडून पुष्कळ ऐकले. पण इतके नेमके निदान मला दुसरीकडे आढळले नाही. ती मुलगी पोळीचे चिंचोक्याएवढे तुकडे करी व ते ताटभर हिंडवी. भात एका कडेला दाबून ठेवी. आपल्या वाट्याची भाजी शेजारणीला आग्रह करकरून वाढी. आणि पहिल्या वाढीपासून ताटे उचलली जाईपर्यंत तिचा हात सारखा चाले, तोंड मात्र क्वचित. एप्रिलच्या उन्हात ती स्वेटर घालून बसे. न्हाणीघराच्या मोरीत केसांचे पुंजके अडकतात अशी तक्रार माझ्याकडे दोनदा आली होती आणि ती नोंदवहीत रीतसर दाखलही झाली होती; फक्त ती थंडी, ते केस आणि ते ताट एकाच मुलीचे आहे, हे जुळवून पाहण्याची बुद्धी दफ्तर सांभाळणाऱ्या मला झाली नाही.

आहाराच्या विकारांविषयी आपल्याकडे दोन समजुती फार घट्ट बसल्या आहेत. एक अशी की, ही श्रीमंतांघरच्या, इंग्रजी शाळांतल्या मुलींची थेरे आहेत. आणि दुसरी अशी की, आजारी माणूस हाडांचा सापळा झालेला असलाच पाहिजे, तसा तो दिसत नसेल तर आजारही नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर घातक आहे, कारण या विकारांतील बहुसंख्य रुग्णांचे वजन चारचौघांसारखे किंवा चारचौघांहून अधिक असते. पाहावयाचे ते वजन नव्हे. अन्नाशी माणसाचा जो सहज, मोकळा व्यवहार असतो तो कोठे अडला आहे का, हे पाहावयाचे. म्हणूनच वजनाचे तक्ते आणि उष्मांकांची कोष्टके मी या लेखात हेतुपुरस्सर दिलेली नाहीत. ज्यांना हा आजार जडला आहे ते असे आकडे वहीत उतरवून घेतात व त्यांच्याशी शर्यत लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या विकारांपैकी सर्वांत जुनी ओळख पटली ती ॲनोरेक्सिया नर्व्होसाची. लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघा वैद्यांनी १८७३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे वर्णन केले. आपल्याकडील पुस्तकांत त्याला क्षुधानाश म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. पण हे नावच दिशाभूल करणारे आहे. जेवणावरची वासना उडणे ही निराळी गोष्ट. ती कावीळ झालेल्याचीही उडते, आणि काविळीतून उठला की तो आपण होऊन मऊ भात मागतो. येथे भूक जिवंत असते, पुष्कळदा प्रखर असते, आणि तिच्यावर मात करण्यातच रुग्णाला विजय वाटतो. लासेगने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे, जी वाचून मी थक्क झाले. घरच्या मंडळींपाशी दोनच उपाय असतात, एक विनवण्या आणि दुसरा धमक्या, आणि दोन्ही थकेपर्यंत वापरले जातात, असे त्याने लिहिले. आमच्या त्या मुलीचे वडील रुग्णालयाच्या व्हरांड्यात पहिल्या दिवशी हात जोडत होते आणि दुसऱ्या दिवशी शिक्षण बंद करण्याचे फर्मान सोडत होते. मधल्या काळात शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती.

उपासमारीने शरीर झिजते हे सर्वांनाच कळते. मन कसे पालटते हे मात्र एका विलक्षण प्रयोगामुळे स्वच्छ दिसून आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युद्धग्रस्त देशांतील उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. पण लक्षात ठेवण्याजोगे ते पुढेच आहे. शस्त्र हाती घेण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेली ही शांत प्रकृतीची माणसे चिडखोर व उदास झाली, मित्रांपासून दुरावली, उन्हाळ्यात पांघरुणे मागू लागली. एकेका जेवणावर दोन दोन तास घालवू लागली, ताटल्या चाटू लागली, आणि ज्यांना पूर्वी स्वयंपाकघराची वाट ठाऊक नव्हती ते पाककृतींची पुस्तके जमवून रात्री वाचत बसू लागले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांतल्या काहींना थांबावे कोठे हे कित्येक महिने समजेना. यांपैकी कोणीही पूर्वी मनोरुग्ण नव्हता. आमच्या त्या मुलीची खोली आवरताना अभ्यासाच्या पुस्तकांखाली 'रुचिरा'ची एक जीर्ण प्रत सापडली, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा केलेली. जी पोर साजूक तुपाच्या वासाने उठून जाई तिने बासुंदीच्या कृतीखाली दोन रेघा ओढल्या होत्या. मला तो ढोंगीपणा वाटला असता. हा प्रयोग ठाऊक झाल्यावर ती भूक होती हे कळले. तात्पर्य एवढेच की, रुग्णाचा हट्ट, त्याची चिडचिड, त्याचे खोटे बोलणे यांतील पुष्कळसा भाग हा स्वभाव नसून उपासमारीचा अंमल असतो, आणि अन्न नियमित सुरू झाल्याखेरीज नुसत्या उपदेशाने तो उठत नाही.

आता आपल्या घरांतला जो खरा पेच आहे त्याकडे येऊ. युरोपातली मुलगी जेवण टाळते तेव्हा तिला निमित्त शोधावे लागते. आपल्याकडे पंचांगच निमित्त पुरविते, आणि वर आजी कौतुक करते. व्रताची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः आषाढी-कार्तिकी करते, आणि आमच्या घरी त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात व दाण्याची आमटी यांचा जो बेत असतो तो पाहता 'एकादशी दुप्पट खाशी' हे आमच्यासाठीच म्हटलेले असावे. व्रत आणि विकार यांतला भेद ओळखण्याची एक कसोटी मात्र मला अनुभवाने सापडली आहे, आणि ती म्हणजे पारणे. उपवास करणाऱ्याला पारण्याची ओढ असते. रुग्णाला पारण्याची धास्ती वाटते. द्वादशीला सकाळी घरात वरणभाताचा वास सुटल्यावर जिचा चेहरा खुलतो तिची काळजी करू नये. जिचा चेहरा उतरतो, जी त्याच दिवशी नवा वार धरल्याचे सांगते, किंवा पारण्याचे दोन घास पोटात गेल्याबरोबर गच्चीवर जाऊन तासभर झपाझप चालू लागते, तिच्याकडे लक्ष ठेवावे. शास्त्राने बालकाला, गर्भिणीला, आजाऱ्याला उपवासातून सूट दिलेली आहे. विकार ताप असतानाही सूट देत नाही. व्रताची यादी वर्षानुवर्षे तीच राहते. विकारात ती महिन्यामहिन्याला वाढते, आणि वर्ज्य पदार्थांतही आज तूप, उद्या साखर, परवा भात अशी भर पडत जाते. रमजानचे रोजे किंवा पर्युषणातील उपवास यांनाही हीच कसोटी लागू पडते.

यात आणखी एक गुंता आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराचे प्रमुख लक्षण म्हणून लठ्ठ होण्याची भीती सांगितलेली असते, आणि ती पुष्कळांत असतेही. परंतु १९९० च्या सुमारास हाँगकाँगमधील डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिले की, जे लठ्ठपणाचा शब्दही काढत नव्हते. पोट गच्च होते, घास उतरत नाही, भूकच नाही, एवढेच ते सांगत. आपल्याकडील मानसोपचारतज्ज्ञांचाही अनुभव असाच आहे. परिणामी घरची मंडळी वर्ष वर्ष पोटाच्या डॉक्टरांकडे खेटे घालतात, दुर्बिणीची तपासणी होते, सारे अहवाल निर्दोष येतात, आणि कोणीतरी दृष्ट काढण्याचा सल्ला देते. पोटाच्या सर्व तपासण्या निर्दोष असून वजन उतरतच असेल, आणि मुलीची पाळी काही महिने बंद असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच करू नये.

दुसरा विकार बुलिमिया नर्व्होसा. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली तो वेगळा ओळखला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बैलाची भूक. आपल्याकडे कोणी भसाभसा खाऊ लागला की 'याला भस्म्या झाला' असे म्हणतात, पण आयुर्वेदातला भस्मक हा जठराग्नीचा विकार मानला आहे, आणि येथे दोष अग्नीचा नाही. या रुग्णाला अधूनमधून खाण्याचा असा झटका येतो की त्यात हात आवरत नाही. तासा-दोन तासांत एरवीच्या कितीतरी पट अन्न, चव न घेता, बहुधा एकांतात, पोटात जाते. आणि मग ओशाळेपणाने ग्रासून ते अन्न उलटून टाकण्याचा, जुलाबाची औषधे घेण्याचा, किंवा कडक उपास व बेसुमार व्यायाम करून त्याचा वचपा काढण्याचा प्रयत्न होतो. आठवड्यातून निदान एकदा, असे तीन महिने घडत असेल तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. ब्रिटनच्या राजकन्या डायना यांनी १९९५ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपल्याला हा आजार होता असे उघड सांगितले; इतक्या डोळ्यांदेखत असलेल्या बाईचा आजार वर्षानुवर्षे जगाच्या ध्यानात आला नव्हता. वजन सर्वसाधारण असल्याने तो ध्यानात येत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर घरून आलेले फराळाचे डबे महिनाभर पुरत. एका मुलीचा डबा एका रात्रीत रिता झाला आणि दुसऱ्या दिवशी तिने खोलीतल्या मैत्रिणीच्या डब्यातल्या चकल्या घेतल्या म्हणून चोरीची तक्रार माझ्यापुढे आली. मी जाबजबाब घेतले, तिला दंड केला. ती चोर नव्हती.

अशा वेळी चौकशीपेक्षा निरीक्षण उपयोगी पडते. जेवण होताच दर वेळी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसणे. गालफुगीत सुजावेत तसे दोन्ही गाल सुजलेले दिसणे. बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूने घट्टे किंवा ओरखडे. आवाज बसका राहणे. आणि पुढच्या दातांचे आतल्या बाजूचे कवच झिजणे. ही शेवटची खूण घरच्यांना दिसत नाही, दंतवैद्याला दिसते, आणि हा आजार पहिल्यांदा दंतवैद्याच्या खुर्चीत उघडकीला आल्याची उदाहरणे थोडी नाहीत. वरवर धडधाकट दिसणाऱ्या या रुग्णाला खरा धोका असतो तो रक्तातील पोटॅशियम घटण्याचा. ते फार खाली गेले तर हृदयाची लय बिघडते, आणि पूर्वसूचना मिळेलच असे नाही.

तिसऱ्या विकारात खाण्याचे झटके तसेच असतात, पण त्यानंतरची भरपाई नसते. अमेरिकेचे अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ सालीच त्याचे वर्णन केले असले, तरी तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २०१३ साली. या रुग्णांची स्थिती मला सर्वांत करुण वाटते, कारण बाकीच्यांना निदान सहानुभूती मिळते, यांच्या वाट्याला विनोद येतो. लग्नाच्या पंगतीत पैजेने जिलब्या खाणारा रुग्ण नव्हे. तो चारचौघांत, मजेने, चव घेत खातो आणि ढेकर देऊन झोपतो. हा मात्र मध्यरात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता, पोट दुखेपर्यंत, पातेल्यातला गार भात खातो आणि सकाळी कोणाच्या नजरेला नजर देत नाही. त्याला आहाराचा कडक तक्ता हातात देऊन पाठविणे हा सर्वांत सोपा आणि बहुधा वाया जाणारा उपाय होय. दिवसा जितके कोंडावे तितका रात्रीचा झटका जोराचा येतो.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा हाही आहाराचाच विकार. यशोदेच्या अंगणात त्याचे कौतुक होते, आणि डोहाळ्यांत तो चेष्टेचा विषय होतो. परंतु अशा मुलांत व गर्भवतींत रक्तातील लोह कमी असल्याचे पुष्कळदा आढळते. चरकाने पांडुरोगाच्या पाच प्रकारांत माती खाल्ल्याने होणारा एक प्रकार मोजला आहे, यावरून हे नाते किती जुन्या काळी ओळखले गेले होते ते दिसते. येथे ओरडण्याआधी हिमोग्लोबिन व लोह तपासून घ्यावे. काही मुले वासाला, पोताला, घशात अडकण्याला इतकी बिचकतात की चार-पाच पदार्थांपलीकडे काही खात नाहीत. त्यांना बारीक व्हावयाचे नसते, पण वाढ खुंटू लागली तर तोही विकारच.

मुलगे यातून सुटलेले नाहीत. वजनी गटात उतरण्यासाठी अन्नपाणी तोडणारे कुस्तीगीर व मुष्टियोद्धे, आणि भरदार अंग असूनही आपण काटकुळे आहोत या समजुतीने व्यायामशाळेतून न हलणारे तरुण, हे त्याच वाटेवरचे प्रवासी. मुलगा म्हटल्यावर डॉक्टरांनाही शंका येत नाही, हेच त्यांचे दुर्दैव. कारणांविषयी थोडक्यात सांगते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसते. त्यावर काटेकोर, स्वतःला कधीच माफ न करणारा स्वभाव, एखादे कडक डाएट, एखाद्या नातेवाइकाचे 'जाडे' म्हणून हाक मारणे, कधी याहून गंभीर आघात, यांची ठिणगी पडते. फिजी बेटांत भरलेल्या अंगाचे कौतुक असे. तेथील एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली, आणि तीनच वर्षांत, पूर्वी हा प्रकार ठाऊक नसलेल्या शाळकरी मुलींपैकी दर शंभरात सुमारे ११ जणी वजनासाठी अन्न उलटून टाकतो असे सांगू लागल्या. आज तो पडदा प्रत्येकीच्या खिशात आहे, आणि विवाहविषयक जाहिरातींत 'सडपातळ' हा शब्द अजून तसाच आहे. आईबापांनी मात्र हा आपला गुन्हा समजून कबुलीजबाब देत बसू नये. त्याने रुग्णाला काही मिळत नाही.

स्वतःविषयी शंका असलेल्या वाचकाने पाच प्रश्न स्वतःला विचारावेत. १९९९ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी ते तयार केले. पोट जड झाल्याच्या अस्वस्थतेने आपण मुद्दाम ओकारी काढतो काय? किती खावे यावरचा आपला ताबा सुटला आहे अशी चिंता वाटते काय? गेल्या तीन महिन्यांत वजन सहा-साडेसहा किलोंहून अधिक उतरले काय? इतर जण फार बारीक म्हणत असताना आपल्याला आपण जाडच वाटतो काय? आणि सारे आयुष्य अन्नाच्या विचाराने व्यापले आहे असे वाटते काय? दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली म्हणजे निदान झाले असे नव्हे. डॉक्टरांकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

दुसऱ्या कोणाविषयी शंका असेल तर ती ताटावर बसल्याजागी काढू नये. जेवणाची वेळ सोडून, दोघेच असताना, दिसलेली गोष्ट तेवढी सांगावी: "तुला हल्ली फार थंडी वाजते, तू सहलीला आली नाहीस, मला काळजी वाटते." वजनावर, चेहऱ्यावर, ताटातल्या घासांवर बोलू नये, विशेषतः सुधारणा सुरू झाल्यावर कौतुकाने "जरा अंग धरलंय हं" असे म्हणू नये, कारण आपण आशीर्वाद म्हणून उच्चारलेले हे वाक्य तिकडे दोषारोपपत्र म्हणून पोहोचते. बहुधा उत्तर येईल, "मला काही झालेले नाही." ते खोटे बोलणे समजून भांडू नये, या आजारात स्वतःचा आजार न दिसणे हाही आजाराचाच भाग असतो. आठ दिवसांनी तेच पुन्हा, तितक्याच शांतपणे सांगावे. वय लहान असेल तर संमतीची वाट पाहू नये. दम्याच्या पोराला आपण विचारून दवाखान्यात नेत नाही.

प्रथम जावे ते नेहमीच्या डॉक्टरांकडे. नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख, रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेट एवढे पाहून मग मानसोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांच्याकडे. लहान वयाच्या ॲनोरेक्सियाच्या रुग्णांसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात एक उपचारपद्धती विकसित झाली, जिच्यात काही काळ जेवणाचा सगळा कारभार आईबापांनी हाती घ्यावयाचा असतो. काय, किती, केव्हा हे ते ठरवितात, रोज शेजारी बसून, न रागावता, ताट संपेपर्यंत थांबतात, आणि मूल सावरत जाईल तसतसा तो कारभार त्याच्या स्वाधीन करतात. आपल्या एकत्र जेवणाऱ्या घरांना ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी. बुलिमिया व झटक्यांच्या खाण्यावर विचार व वर्तन सुधारणारी मानसोपचारपद्धती सर्वांत गुणकारी ठरली आहे, आणि जोडीला कधी औषधेही देतात. एक गोष्ट मात्र घरी कधीही करू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्याला मायेच्या भरात एकदम साजूक तुपातला शिरा आणि पोटभर जेवण घालू नये. रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली जाऊन त्यात जीव जाऊ शकतो. आमच्या मुलीची आई दुसऱ्याच दिवशी डिंकाचे लाडू घेऊन रुग्णालयात आली होती, आणि परिचारिकेने तो डबा हातातून काढून घेतला तेव्हा तिला वाईट वाटले. परिचारिकेचे बरोबर होते.

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, नाडी फार मंद लागणे, जिन्याच्या चार पायऱ्या चढताना पाय लटपटणे, उलटीत रक्त, पाणीही पोटात न ठरणे, पायांवर सूज, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा, यांपैकी काही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मनाच्या आजारांत सर्वाधिक मृत्यू ज्या थोड्या आजारांत होतात त्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते, आणि त्यातील पाचांपैकी एक मृत्यू आत्महत्येचा असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, मुंबईत महानगरपालिकेच्या के. ई. एम., नायर व शीव येथील रुग्णालयांत तो आहे, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. आणि केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही तरतूद करण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा दाव्याचे कागद 'यात बसत नाही' म्हणून तोंडी परत आले, तर कारण लेखी मागून घ्यावे.

आमच्या मुलीला पुरते सावरायला जवळजवळ तीन वर्षे लागली, आणि मध्ये दोनदा ती मागे घसरली. त्या वर्षानंतर मी वसतिगृहाच्या मासिक सभेत मावशींची हजेरी सक्तीची केली, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत नोंदवहीत उतरवून घेण्याचा शिरस्ता पाडला. मी निवृत्त होईपर्यंत त्या नोंदींवरून चार मुली वेळेत डॉक्टरांकडे पोहोचल्या. त्यांतल्या तिघींविषयी माझ्या नजरेला काहीही दिसले नव्हते. आपल्या घरी, शाळेत, खाणावळीत ज्या ताटे उचलतात त्यांना या आठवड्यात एकदा विचारून पाहा, आणि त्या काय म्हणाल्या ते तारखेनिशी लिहून ठेवा.